हातानं मोजलेला ताप

आंब्याची आढी लावली की तिला ताप येतो. हे माझं बोलणं, शिकलेले लोक वेगळं काही म्हणत असतील. खोलीत भाताचा पेंढा अंथरायचा, त्यावर कच्चे आंबे मांडायचे, वर परत पेंढा. मग आंबे आतल्या आत ऊब धरतात. ऊब बेताची राहिली तर आंबा देखणा पिकतो. जास्त झाली तर देठाकडून काळा पडतो. म्हणून रोज आढीत हात घालून बघावं लागतं, आणि हाताला चटका लागला तर पेंढा बाजूला करून आंबे पसरावे लागतात. हे काम मी पोरवयापासून करत आलो. शाळेत मी चौथीपर्यंत गेलो, पण आढीच्या बाबतीत कॉलेजात गेलेली माणसं मला विचारायला येत आणि मी त्यांना थोडं उभं ठेवून मग सांगत असे.

गेल्या वैशाखात याच हातानं मला फसवलं. ते लिहायचं की नाही याचा मी बरेच दिवस विचार केला. घरात सगळ्यांना माहीत आहे, शेजारी माहीत आहे, मग लिहायला काय हरकत?

माझी नात तेव्हा दीड वर्षाची होती. नुकती बोलायला लागली होती. मला आबा म्हणायची, मांजराला आबा म्हणायची, आणि विहिरीवरचा पंप सुरू झाला की त्यालाही आबा. तिघांत पहिला मान माझा, असं मी धरून चाललो होतो. शनिवारी तिला ताप भरला. सूनबाईनं तिला डॉक्टरीणबाईंना दाखवून आणलं. त्या म्हणाल्या, घसा लाल झालाय, तीनचार दिवस ताप राहील, घाबरू नका पण लक्ष ठेवा.

लक्ष ठेवा असं म्हणायला कारण होतं. आधीच्या दिवाळीत असाच ताप चढला आणि पोरीला झटका आला होता. मी तेव्हा अंगणात होतो. सूनबाई अनवाणी धावत बाहेर आली, पोरगी तिच्या हातात, डोळे वर गेलेले, हातपाय ताडताड उडत होते. दोनेक मिनिटांत ते थांबलं. डॉक्टरीणबाईंनी नंतर समजावलं की लहान मुलांना तापात असं होतं, बहुतेक वेळा मागे काही राहत नाही. पण ती दोन मिनिटं सूनबाईच्या मनातून गेली नाहीत. तेव्हापासून पोरगी नुसती शिंकली तरी तिच्या हातातलं काम थांबायचं.

सोमवारी तिला शाळेत जावंच लागणार होतं. ती प्राथमिक शाळेत शिकवते, दुसऱ्या दिवशी निकाल द्यायचा होता आणि गुणांचे तक्ते तिच्याकडेच होते. माझा मुलगा आंब्याची गाडी घेऊन वाशीला गेला होता. माझी बायको हेदवीला, तिची बहीण न्हाणीत पडून मांडीचं हाड मोडून बसली होती म्हणून. म्हणजे घरात राहिलो मी.

सूनबाई सकाळी पोरीला खांद्यावर घेऊन दारात उभी. म्हणाली, "बाबा, मी रजाच टाकते."

मी म्हटलं, "का? मी काय मेलो की काय? तुझ्या नवऱ्याला मीच वाढवला."

"तुम्ही नाही, आईंनी वाढवलं."

"मग ती वाढवत होती तेव्हा मी कुठं होतो?"

"बागेत," ती म्हणाली.

मी पोरीला तिच्या खांद्यावरून काढून घेतली. पोरगी माझ्याकडे आली आणि तिनं माझा कान धरला. झोप आली की ती कुणाचाही कान धरते, पण सूनबाईला ते बघून धीर आला असावा.

मग तिनं मला सगळं समजावलं. ताप मोजायची नळी टेबलावर ठेवली, शेजारी रेघा मारलेला कागद. दर दोन तासांनी काखेत लावायची आणि आकडा वेळेसकट लिहायचा. शंभराच्या वर गेला तर औषध द्यायचं, पिचकारीवर तिनं पेनानं खूण केली होती तिथपर्यंत. सहा वाजता एकदा दिलंय, म्हणजे बाराच्या आत नाही.

"नळी लावता येईल ना? एकदा दाखवू का?"

"न यायला काय झालं? जा तू, बस चुकेल तुझी."

तिनं दाखवलं असतं तर दीड मिनिट लागलं असतं. बसला अजून अवकाश होता.

ती गेल्यावर मी नळी हातात घेतली. आमच्या वेळची पाऱ्याची काचेची होती, ती झटकायची असते एवढं मला माहीत. ही प्लास्टिकची. मी झटकली. काही झालं नाही. मग बटण सापडलं, ते दाबलं, तर नळीच्या इवल्या खिडकीत दोन इंग्रजी अक्षरं आली आणि लुकलुकायला लागली. आकडा येईना. पोरीच्या काखेत धरली, तिनं हात झाडला, नळी खाली पडली. परत बघितली तर तीच दोन अक्षरं. मी मनात म्हटलं, बिघडलेली वस्तू घेऊन ठेवतात नि आम्हाला शिकवतात. नळी फळीवर ठेवून दिली.

आणि माझा हात पोरीच्या कपाळावर ठेवला. आधी तळवा, मग उलटा करून. आढीत घालतो तसाच. कोमट लागलं. आढी अशी लागली असती तर मी म्हटलं असतं, अजून चार दिवस बघायला नको. मी कागदावर नऊ वाजता लिहिलं आणि पुढं शंभर. माझं अक्षर बरं नाही, पण आकडे मी नीट काढतो. ते शंभर फार छान आले होते.

शाळेच्या छोट्या सुट्टीत सूनबाईचा फोन आला. "बाबा, ताप किती?"

"शंभर."

"वर काही नाही ना?"

"शंभर म्हणजे शंभर."

"नीट लावलीत ना काखेत?"

"हो गो," मी म्हटलं. तो हो इतका सहज तोंडातून गेला की मला स्वतःला तो खरा वाटला.

साडेदहाच्या सुमाराला पोरगी कुडकुडायला लागली. मी पाय हातात घेतले तर थंडगार. तळवेही गार. मला वाटलं, थंडी वाजतेय, घाम यायला पाहिजे. आमच्या लहानपणी ताप आला की आई घोंगडीत गुंडाळायची, खिडकी लावून घ्यायची आणि घाम फुटेपर्यंत उठू द्यायची नाही. मी तेच केलं. कानटोपी घातली, पायमोजे घातले, आधी तिचं दुपटं, त्यावर माझी गोधडी. पंखा बंद केला, खिडकी ओढली. बाहेर कातळ तापून निघत होता आणि आत आम्ही दोघं आजोबा-नात असे गुंडाळून बसलो.

तो तासभराचा काळ मला आवडला, हे खोटं का बोलू. ती माझ्या मांडीवर होती आणि कान सोडत नव्हती. माझ्या पायाला मुंग्या आल्या, मग पाय आहे की नाही तेही कळेना, पण मी हललो नाही. मी तिला बागेतल्या कलमांची हकिकत सांगत होतो, कुठलं कलम खोडकर आहे, कुठलं एक वर्षाआड रुसून बसतं. मध्येच ती डोळे न उघडता "आबा" म्हणायची. पंप बंद होता आणि मांजर घरात नव्हतं, तेव्हा ते मलाच होतं.

अकराला मी परत हात लावला. कोमटच. उलट सकाळच्या मानानं थोडा कमीच, असं माझ्या हातानं सांगितलं. मी नव्याण्णव लिहिलं. बारा वाजले तेव्हा औषधाची बाटली समोर होती. पण शंभराच्या वर गेलं तरच द्यायचं होतं, आणि माझ्या कागदावर तर नव्याण्णव. बाटली तशीच राहिली.

एक वाजता कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडची शेजारीण आली. तिचा नवरा जहाजावर असतो, ती आणि तिची सासू इथं राहतात. माझ्या मुलीच्या वयाची आहे आणि तोंडानं फटकळ. हातात पेजेचं भांडं. म्हणाली, "सूनबाय सकाळी सांगून गेली, जरा बघून या म्हणून."

मला राग आला. म्हणजे माझ्यावर सोडून गेली आणि माझ्यावर पहाराही ठेवून गेली. मी म्हटलं, "बघितलंस ना बाय? झोपलीय गप. जा आता."

ती कुठली जायला. आत आली, बंद खिडकी बघितली, गोधडी बघितली, पोरीचं लाल तोंड बघितलं. "या अल्ला! चाचा, पोरीला आढीत घातलंव काय?"

"घाम यायला पाहिजे."

"घाम तुमाला आलाय. तिला कुठं आलाय?"

खरंच माझं धोतर ओलं झालं होतं आणि पोरगी कोरडी होती. शेजारणीनं तिच्या मानेला हात लावला आणि चटकन काढला. "भाजतंय की हो!"

"काय भाजतंय? कोमट आहे," मी म्हटलं, आणि तिच्या देखत परत हात ठेवला. मला कोमटच लागलं.

ती माझ्या हाताकडे बघत राहिली. तिच्यासारखी बाई बोलत नाही तेव्हा माणसानं सावध व्हावं. मी वाकलो आणि माझा गाल पोरीच्या पोटाला लावला.

चुलीजवळ तोंड नेल्यासारखं झालं.

माझ्या हाताला काय झालंय ते मला त्या क्षणी कळलं, आणि ते आजचं नव्हतं हेही कळलं. आंब्याचा चीक लागून लागून तळहाताची कातडी दर मोसमात जळते, सोलते, परत येते, जाड होऊन येते. उलट्या हाताचं तेच. चूल, पेंढा, दोरखंड, सगळं त्याच हातावर. गेली दोन वर्षं मी आढीतून हात काढला की मागोमाग मुलगा हात घालायचा. मला वाटायचं, शिकतोय. तो माझ्यामागून तपासत होता आणि मला लागू नये म्हणून तोंडानं काही बोलत नव्हता.

पण तेव्हा त्यावर बसून विचार करायला वेळ नव्हता. शेजारणीनं खिडकी उघडली, पंखा लावला, गोधडी ओढून काढली. "नळी कुठं हाय?"

"बिघडलीय."

तिनं फळीवरून काढली, बटण दाबलं, पोरीच्या काखेत घालून हात दाबून धरला. "ती अक्षरं येतातच पहिली. वाजेपर्यंत धरायची असते, चाचा." मग नळी टुकटुक वाजली. एकशे तीन आणि वर आठ.

शेजारणीनं कागद बघितला. शंभर, नव्याण्णव. "ह्ये कोणी मोजलंन?"

मी माझा हात दाखवला. ती म्हणाली, "सूनबायला फोन लावा."

"तू लाव."

"मी नाय. तुमी लिवलंव, तुमी सांगा."

मला सांगता आलं असतं की ताप एकदम चढला. कुणाला कळलं असतं? शेजारीण सोडून कुणालाच नाही, आणि तिला मी गप्प केलं असतं. खरं सांगतो, फोन कानाला लावेपर्यंत मी तेच बोलणार होतो. पण पलीकडून सूनबाईचा आवाज आला, पहिलाच प्रश्न, "झटका आला?" असा. माझ्या अंगातला सगळा ताठा त्या दोन शब्दांनी गेला.

"नाही आला," मी म्हटलं. "पण ताप एकशे तीनच्या वर आहे. आणि सकाळपासून मी सांगितले ते आकडे नळीचे नव्हते. मी हात लावून लिहिले. मला नळी लावता आली नाही. बाराचं औषधही दिलेलं नाही. आणि मी तिला गोधडीत गुंडाळून ठेवलं होतं."

पलीकडे मुलांचा गलका होता, तिनं वर्गाचं दार ओढल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "औषध आत्ता द्या. मी डॉक्टरांना विचारून परत फोन करते." रागावली असती तर बरं वाटलं असतं.

औषध देणं म्हणजे दुसरंच युद्ध. पोरीनं ओठ असे मिटले की नारळ फोडायचा कोयताही चालला नसता. शेजारणीनं नाक धरायला सांगितलं, मला ते जमेना. मग मी पिचकारी वर धरली आणि आंबे काढायला जातो तसा आवाज केला, "झेला आला, झेला आला, आंबा कुठाय?" झेला म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी, ती पोरीनं बघितलेली. तापातसुद्धा तिनं तोंड उघडून आपला आंबा दाखवला. अर्धं आत गेलं. दुसऱ्या झेल्याला बाकीचं. थोडं माझ्या बाहीवर आलं, ते आम्ही मोजून परत दिलं नाही. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंचाच फोन आला, त्याही म्हणाल्या, सांडलेलं परत देऊ नका.

त्यांनी आणखी सांगितलं की अंगावर एकच पातळ झबलं ठेवा, कोमट पाण्यानं पुसा, गार पाणी नको, थोडं थोडं पाणी पाजत राहा, आणि झटका आला किंवा पोर सुस्त पडलं तर तडक घेऊन या. शेजारणीच्या दिराची रिक्षा तिनं गडग्यापाशी आणून उभी करायला लावली. मी पंचा भिजवून पुसत होतो. मान, काखा, पोट. पोरगी चिडून माझा हात ढकलत होती आणि तिचं ते ढकलणं मला बरं वाटत होतं, कारण त्यात जोर होता. मधूनच तिच्या पायाची बोटं जराशी हलली तरी माझा पंचा हातातच थांबायचा. दिवाळीतली ती दोन मिनिटं सूनबाई सहा महिने कशी काढत होती, ते मला एका दुपारात समजलं.

अर्ध्या तासानं मी स्वतः नळी लावली. वाजेपर्यंत धरली. एकशे दोन आणि पाच. कागदावरचे माझे आधीचे दोन आकडे मी आडवी रेघ मारून खोडले आणि खाली हा लिहिला. पुढच्या वेळी एकशे एक आणि वर काहीतरी. पोरीनं शेजारणीच्या पेजेचे चार चमचे घेतले, पाचवा माझ्या मिशीला लावला.

तीनच्या सुमाराला सूनबाई दुसऱ्या एका बाईंच्या स्कूटीवरून आली. चप्पल न काढता आत. पोरीला छातीशी घेतली, मानेला हात लावला, तळवे बघितले, डोळे बघितले. मग कागद बघितला. मी भिंतीशी उभा. शाळेत असताना गुरुजींनी पाटी मागितली की असाच उभा राहायचो.

"पहिले दोन खोडलेत," ती म्हणाली.

"खोटे होते."

"बाबा, सकाळी मी विचारलं होतं, दाखवू का म्हणून."

"विचारलं होतंस."

"मग?"

"मला वाटलं, तुला कळेल की मला येत नाही."

ती खाली बसली. पोरीला पाजायला घेतलं. मी पाठ फिरवून बाहेर पडवीत गेलो. आतून तिचा आवाज आला, "एवढ्यासाठी?" संध्याकाळी तिनं मला चहा दिला, साखर नेहमीइतकी होती. त्यावरून काही कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ताप उतरायला लागला होता, पण निकाल होता आणि तिला जाणं भाग होतं. माझी बायको दुपारनंतर जयगडची फेरीबोट धरून येणार होती. म्हणजे सकाळ परत माझ्याच वाट्याला. मी ठरवलं होतं की हिनं काढायच्या आधी विषय आपणच काढायचा.

"पोरीला शेजारी ठेव," मी म्हटलं. "तिला नीट येतं."

सूनबाई केसांना पिना लावत होती. म्हणाली, "शेजारच्या भाभी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे सासूला घेऊन चालल्यात."

"मग माझ्यावर सोडतेस ती नाइलाजानं."

"हो," ती म्हणाली. तिनं खोटं बोलू नये असंच मला वाटत होतं, आणि ती बोलली नाही. मग नळी माझ्यापुढे धरली. "लावून दाखवा."

मी लावली. पोरीला मांडीवर घेतलं, हात दाबून धरला, तिला खिडकीतला कावळा दाखवला. सूनबाई पर्स खांद्याला लावून समोर उभी, जणू मीच दुसरीतलं पोर. दोन अक्षरं आली, मी गडबडलो नाही. मग आकडे धावायला लागले. वाजली. "नव्याण्णव आणि वर दोन," मी म्हटलं. तिनं बघितलं. मान हलवली आणि निघाली.

ती गेल्यावर मी पोरीला पेज दिली. मग मला शंका आली की धरताना कोपर जरा सुटलं होतं. परत लावली. नव्याण्णव आणि वर चार. दोन वाढले होते. मी फोन लावला.

"काय झालं?" तिचा आवाज एकदम वर.

"काही नाही. नव्याण्णव आणि चार. मघाशी दोन होतं. कोपर सुटलं होतं म्हणून परत लावली. तू विचारायच्या आधीच सांगतो."

"बाबा, मी अजून स्टॉपवर आहे. बस यायची आहे."

"असू दे. लिहून ठेवू ना?"

ती हसली. कालपासून पहिल्यांदा. "लिहा. आणि फोन ठेवा आता, तिच्याकडे बघा."

मी ठेवला आणि बघितलं. पोरगी पेजेच्या वाटीत मनगटापर्यंत हात घालून बसली होती.